चढावर थांबणे आणि निघणे

विजय चौकातून रायसीना टेकडीकडे जाणारा रस्ता चढाचा आहे. अशा चढावर थांबलेली मोटरसायकल मागे सरकू पाहते. कॅडेट मित्रांनो, मी पाळतो तो क्रम असा :

१. दोन्ही ब्रेक लावून थांबा. डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. क्लच दाबून पहिला गिअर.

२. पुढचा ब्रेक सोडा. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरसाठी मोकळा झाला. थोडी रेस द्या, क्लच हळूहळू सोडा.

३. इंजिनाचा आवाज जड होऊन गाडी पुढे ओढू लागली, की क्लच तिथेच धरा. मगच ब्रेक सोडा आणि रेस वाढवा.

ब्रेक आधी सोडला, तर गाडी मागच्या वाहनावर जाते. इंजिन बंद पडले तर क्लच दाबा, पण ब्रेक सोडू नका.

पालकांनो, हा सराव १८ वर्षे पूर्ण झाल्यावर, लायसन्स आणि हेल्मेटसहच.