लोकप्रशासनात पीएच.डी. : फॉर्म भरण्याआधीची तयारी



डी.एड. करून नोकरीला लागलो, मग बाहेरून बी.ए., पुढे लोकप्रशासनात एम.ए. अशी वाट आपल्यापैकी अनेकांनी धरली आहे. आता पीएच.डी.चे वेध लागलेत. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, फॉर्म कधी सुटणार?" फॉर्म सुटेल हो! पण तुमच्याकडे विचारायला प्रश्न आहे का?

आधी पात्रता पटकन बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला 5 टक्के सवलत आहे. मुक्त विद्यापीठाची एम.ए. चालते, पण पीएच.डी. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन होत नाही. कुणी तशी जाहिरात दाखवली तर पैसे भरू नका. कालावधी कमीत कमी 3 वर्षे, कोर्सवर्क धरून.

नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. नुसतं "हरकत नाही" एवढं लिहून भागत नाही. कामाचं स्वरूप अभ्यासाला वेळ देऊ शकेल असं आहे आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करू, हेही त्यात यावं लागतं. माझं एक वर्ष याच कागदापायी गेलं. मुलाखतीची तारीख आली तरी माझा प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. म्हणून सांगतो, जाहिरातीची वाट न बघता मसुदा तयार ठेवा आणि अर्ज आवक क्रमांक घेऊनच द्या.

प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या पेटवर होतो, कुठे काय चालतं ते जाहिरातीत नीट वाचा. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात. आपण विषय घोकतो आणि संशोधन पद्धतीत मार खातो. गृहीतक, नमुना निवड, चल, प्रश्नावली आणि अनुसूचीतला फरक हे रोज थोडं थोडं करा. लेखी परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भारांक असतो. ते 30 टक्के विषयाच्या निवडीवर मिळतात किंवा जातात.

मी दुसऱ्या खेपेला "महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 : एक अभ्यास" असा विषय घेऊन गेलो होतो. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "कायदा तर पुस्तकात आहे. तुम्हाला काय माहीत करून घ्यायचंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर ते शाळेतच होतं. दरवर्षी जून-जुलैत चार-दोन पालक जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून हेलपाटे घालतात. या कायद्यात मुदत ठरलेली आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं आणि अपील कुणाकडे करायचं तेही कळवायचं. प्रथम अपील 30 दिवसांत करता येतं. मी पालकांना विचारलं, "अपील केलंत का?" एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, ते काय असतं? उद्या या म्हणाले, मी उद्या गेले."

म्हणजे अर्ज नाकारलाही नाही आणि मंजूरही नाही. कदाचित तो दाखलच झाला नाही, पोचही नाही! मग कागदोपत्री विलंब दिसणार कुठून? इथून माझा प्रश्न निघाला : एका तालुक्यातल्या अर्जदारांना पोच मिळते का, लेखी नकार मिळतो का, आणि अपील कुठे अडतं? जागा, माणसं, कालावधी ठरला की पद्धतही आपोआप सुचते. पुढच्या मुलाखतीत वीस मिनिटं यावरच चर्चा झाली.

तुमचाही प्रश्न असाच जवळपास असेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावांचं पुढे काय होतं? पोषण आहाराच्या नोंदीत गुरुजींचा किती वेळ जातो? मात्र आपल्याच शाळेवर संशोधन करायचं असेल तर माहिती देणारे पालक तुम्हाला मोकळेपणाने बोलतील का, याचं उत्तर तयार ठेवा. मला विचारलं होतं.

आज शाळा सुटल्यावर एक पान घ्या. प्रश्न दोन वाक्यांत लिहा आणि घरातल्या, या क्षेत्राबाहेरच्या माणसाला वाचून दाखवा. त्याला कळला नाही तर पुन्हा लिहा. माझा सातव्या वेळी जमला.