लवंगेचे तेल

रात्री-अपरात्री दाढ ठणकू लागली, की घरातील वडील माणसे फडताळातून एक लहानशी तपकिरी बाटली काढतात. तिचे बूच उघडताच तीव्र, उष्ण आणि किंचित गोडसर असा वास खोलीभर दरवळतो. हेच लवंगेचे तेल.

लवंग हे फळ नव्हे आणि बीही नव्हे. ती न उमललेली कळी होय. तिच्या टोकाशी चार इवलेसे दात असतात व त्यांनी एक गोल मणी धरून ठेवलेला असतो. हा मणी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. हिरवी कळी तांबूस होऊ लागताच ती हाताने खुडून उन्हात वाळवतात. फूल उमलले, की त्याचे मोल गेलेच!

लवंगेची मायभूमी म्हणजे आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटे. १६०५ साली डचांनी तेथील अंबोन बेट जिंकले. पुढे व्यापार आपल्याच मुठीत राहावा म्हणून त्यांनी इतर बेटांवरील लवंगेची झाडे तोडून टाकली. एका वासापायी केवढा हा लोभ! अखेर १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीने तेथील रोपे मॉरिशसला पोहोचलीच.

तेल काढण्यासाठी लवंगांतून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर सुगंधी तेलही उडून जाते. ती वाफ थंड केली, की पाणी व तेल वेगळे होते. खोबरेल पाण्यावर तरंगते. लवंगेचे तेल मात्र पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी बसते.

या तेलाचा मोठा भाग युजेनॉल नावाच्या द्रव्याचा असतो. वास त्याचाच आणि दाढ बधिर करण्याचा गुणही त्याचाच. ठणका थांबतो, परंतु कीड जेथल्या तेथेच राहते. शिवाय निव्वळ तेल हिरडीस लागले तर ती पोळते. म्हणून जाणती माणसे थोड्या खोबरेल तेलात त्याचा एखादा थेंब मिसळतात, कापसाच्या बोळ्याने तो दाढेपुरताच लावतात. लहान मुलांना मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून तेही लावू नये.

घरगुती औषध म्हणून ही बाटली निर्धास्तपणे कोठेही ठेवली जाते, हे बरे नव्हे. दोन वर्षांच्या एका बालकाने ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे अवघे एक-दोन लहान चमचे तेल पिऊन टाकले. ते बेशुद्ध झाले, त्यास झटके आले आणि त्याच्या यकृतास इजा पोहोचली. रुग्णालयातील उपचारांनी ते वाचले. कोणी चुकून हे तेल प्यालेच, तर त्यास ओकारी काढावयास लावू नये; बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

दंतवैद्यही युजेनॉल वापरतात, पण मोजून. जस्ताच्या ऑक्साइडची पांढरी पूड त्यात कालवली, की लगदा होतो आणि तो हळूहळू घट्ट बसतो. दातातील पोकळी तात्पुरती बुजवण्यास तो उपयोगी पडतो. दवाखान्याचे दार उघडताच जो ओळखीचा वास येतो, तो बहुधा याचाच.