सर्टिफिकेट न देणारा शनिवार

‘प्रवेश मोफत, सर्टिफिकेट नाही, शिकवणारे सर नाहीत. मग पोरानं शनिवार तिथं का घालवायचा?’ मीटअपचं नाव काढलं की इंजिनिअरिंग किंवा बीसीएच्या मुलांचे पालक हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. फी भरून कंबर मोडलेली, प्लेसमेंट तोंडावर आलेलं. अशा वेळी कागद हाती न देणाऱ्या गोष्टीवर भरवसा बसणं अवघडच.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. पुण्या-मुंबईत पायथॉनवाले, लिनक्सवाले, सायबर सुरक्षेतली ‘नल’ची मंडळी, मुक्त सॉफ्टवेअरवाल्या ‘फॉस युनायटेड’चे गट सुट्टीच्या दिवशी एखाद्या कंपनीच्या ऑफिसात नाहीतर कॉलेजच्या वर्गात जमतात. दोन-तीन जण आपल्या कामाबद्दल बोलतात, बाकीचे ऐकतात, मधेच अडवतात, मग चहा. बोलणाऱ्याला सहसा मानधन नसतं. अशाच हौशी मंडळींनी २००९ मध्ये बंगळुरूत ‘पायकॉन इंडिया’ ही पायथॉनची परिषद सुरू केली. २०११ साली ती पुण्यात भरली होती.

तिथं मिळतं काय? समजा, एक जण सांगतोय की त्यांच्या अ‍ॅपमध्ये काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. नेट अडखळलं, उत्तर आलं नाही, म्हणून अ‍ॅपनं तीच विनंती पुन्हा पाठवली. मागून कुणीतरी विचारतं, ‘प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक दिला नव्हता का?’ तो हसतो. ‘दिला होता. पण दर प्रयत्नाला नवा क्रमांक तयार होत होता, त्यामुळे सर्व्हरला दोन्ही व्यवहार वेगळेच वाटले.’ हॉलमध्ये हशा पिकतो, कारण निम्म्यांनी हे भोगलेलं असतं. पुस्तकात नीट चालणारी सिस्टिम असते. ती कशी बिघडली, बिघाड कुठं शोधला, साहेबांना काय सांगितलं, हे इथं ऐकायला मिळतं. मुलाखतीत ‘अडचण आली तर काय कराल?’ असं विचारतात तेव्हा पाठ केलेलं उत्तर आणि असं काही ऐकलेल्या मुलाचं उत्तर यातला फरक लगेच कळतो.

टॉक निवडताना ‘एआयचं भविष्य’ छापाचे विषय मी बिनदिक्कत टाळायला सांगेन. ‘आमचा डेटाबेस का मंदावला’ असं शीर्षक दिसलं तर जा, निम्मं डोक्यावरून गेलं तरी. न कळलेले दोन-तीन शब्द वहीत उतरवा आणि घरी आल्यावर त्यातला एक तरी स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघा. एवढं केलं नाही तर मीटअप म्हणजे नुसता चहा.

प्रश्न विचारायची भीती बहुतेकांना इंग्रजीमुळे वाटते. हॉलमध्ये बोलणं इंग्रजीत चालतं, पण चहाच्या वेळी मराठी-हिंदीत बिनधास्त विचारा. फक्त ‘सर, या फील्डमध्ये स्कोप आहे का?’ हा प्रश्न घरी ठेवा. त्याला कुणाकडेच खरं उत्तर नसतं. ‘तुम्ही नेमकं हेच टूल का घेतलं?’ असं विचारलंत तर समोरचा माणूस कप हातात तसाच ठेवून पंधरा मिनिटं बोलतो. कधी त्यातून इंटर्नशिपचा धागा मिळतो. पण हातात रेझ्युमे घेऊन टेबलाटेबलावर फिरणाऱ्या मुलाला लोक टाळतात, हेही खरं.

लातूर-जळगावच्या मुलांना दर महिन्याला पुणे गाठणं परवडणार नाही. मोठ्या परिषदांची बरीच भाषणं यूट्यूबवर असतात, ती बघावीत. पायकॉन इंडियासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना आर्थिक मदतीसाठी अर्जही करता येतो.

आता पालकांसाठी. आधी नावनोंदणी लागते का, ते बघा. कंपनीच्या गेटवर बहुधा ओळखपत्र मागतात, तेव्हा कॉलेजचं कार्ड आणि आधार दोन्ही सोबत द्या. वागणुकीचे नियम आयोजकांनी जाहीर केलेत का आणि तक्रार कुणाकडे करायची हे त्यात लिहिलंय का, ते वाचा. मुली संख्येनं कमी दिसतात, म्हणून पहिल्यांदा मैत्रिणीबरोबर पाठवायला हरकत नाही. आणि एक सावधगिरी : ‘मोफत सेमिनार’च्या नावाखाली क्लासवालेही हॉल भरवतात. नोंदणीतच पालकांचा मोबाइल नंबर मागितला, शेवटी ‘आजच भरलं तर फीमध्ये सूट’ सुरू झालं, की तो मीटअप नव्हे, दुकान आहे. उठून यायचं.

चार-सहा वेळा जाऊन चेहरे ओळखीचे झाले की मुलांनी बऱ्याच मीटअपमध्ये असणाऱ्या ‘लायटनिंग टॉक’साठी नाव द्यावं. पाचेक मिनिटांचं भाषण असतं, वेळ संपली की थांबवतात. विषय मोठा नको. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मराठी नावं डेटाबेसमध्ये गेल्यावर नुसती प्रश्नचिन्हं का दिसत होती आणि ते कसं सोडवलं, एवढं पुरे.