हरणाची मखमली शिंगं: धंदा कुठे आहे आणि कुठे अजिबात नाही



कल्याणच्या बॅचमध्ये एकाने विचारलं, "सर, मखमल असलेली हरणाची शिंगं टिकवायची कशी? परदेशी व्हिडिओत बघितलं, मार्जिन भारी दिसतंय." प्रश्न चांगला आहे. व्हिडिओत घाईत उत्तर दिलं होतं, इथे सविस्तर लिहितो.

आधी माझी गोष्ट

डोंबिवलीत माझं गिफ्ट आणि होम डेकोरचं दुकान नवीन होतं. एका सप्लायरने चितळाच्या शिंगांचे फोटो पाठवले. म्हणाला, "जंगलात गळून पडलेली आहेत, कुणी मारलेलं नाही, म्हणजे लीगल." मी ॲडव्हान्स पाठवणारच होतो. तेवढ्यात सोसायटीतले, वनखात्यातून रिटायर झालेले काका भेटले. म्हणाले, "अरे, गळलेलं काय, कापलेलं काय, शिंग ते शिंगच. माल तुझ्या दुकानात सापडला तर आधी तुलाच उचलतील." पैसे वाचले आणि दुकानही वाचलं.

मखमल म्हणजे नक्की काय?

गाई-म्हशीचं शिंग आयुष्यभर राहतं. चितळ-सांबराच्या नराची शिंगं गळतात आणि नवीन येतात. वाढताना त्यांच्यावर बारीक केसांची जिवंत कातडी असते, तिच्यात रक्तवाहिन्या असतात. हीच मखमल. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा थांबतो, कातडी सुकते आणि नर ती झाडावर घासून काढतो.

म्हणजे मखमली शिंग हे सुकं हाड नाही. आत रक्त आहे, म्हणून ते मटणासारखं लवकर सडतं, केस सुटतात, किडे लागतात. टॅक्सिडर्मिस्ट आधी ते थंड ठेवतात. मग टोकाला छोटा छेद देऊन, बुडाच्या रक्तवाहिन्यांत सुईने फॉर्मॅलिनसारखं द्रावण सोडतात. टोकातून रक्त निघून जाऊन स्वच्छ द्रव येईपर्यंत हे चालतं. नंतर सावकाश सुकवतात. काही ठिकाणी फ्रीझ-ड्राय मशीन वापरतात.

आपल्याकडे हे कोण करू शकतं?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन्यप्राणी टॅक्सिडर्मी केंद्र आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड यांचं काम तिथलंच. मेलेल्या वन्यप्राण्यांवर तिथे सरकारी परवानगीने, शिक्षणासाठी काम होतं. विक्रीसाठी नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणाचं शिंग ही 'ट्रॉफी' आहे. त्याचा व्यापार बंद. गुन्ह्यानुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोराच्या गळलेल्या पिसांना देशातल्या विक्रीसाठी सूट आहे, म्हणून लोकांना वाटतं शिंगांनाही असेल. तसं नाही. न्यूझीलंडमध्ये हरणं पाळून मखमली शिंगं विकतात. तिथला व्हिडिओ बघून इथे धंदा काढायचा नाही.

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. येऊरला फिरताना शिंग दिसलं तर उचलू नका. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.

२. घरात आजोबांच्या वेळचं शिंग किंवा आजीचं सांबरशिंग असेल तर मालकीचं प्रमाणपत्र आहे का बघा. वारसाने आलेल्या वस्तूची ९० दिवसांत वनखात्याकडे नोंद करायची असते. प्रमाणपत्र असलं तरी वस्तू विकता येत नाही.

३. 'गळलेलं', 'जुनं', 'औषधी' असे शब्द वापरून जाहिरात केली तरी सुटका नाही.

मग आपला धंदा कुठे?

आता गंमत बघा. मखमल खराब झाली की परदेशातले टॅक्सिडर्मिस्टसुद्धा ती काढून टाकतात आणि शिंगावर फ्लॉकिंग करतात. फ्लॉकिंग म्हणजे दागिन्यांच्या डबीत आतून असतं ना मऊ मऊ, तेच. वस्तूला गोंद लावायचा, विजेच्या गनने नायलॉनचे बारीक तंतू सोडायचे. तंतू उभे चिकटतात. सुकल्यावर सैल तंतू झटकायचे. झाली मखमल!

म्हणजे रेझिन किंवा लाकडाचं शिंग, वर फ्लॉकिंग. वॉल पीस, दागिन्यांचा स्टँड, कॅफेची सजावट, नाटकाची प्रॉपर्टी, सगळं करता येतं. साचा स्वतः घडवलेला ठेवा. बिलावर आणि पॅकिंगवर 'रेझिन प्रतिकृती, प्राण्याचा कोणताही भाग नाही' असं स्पष्ट छापा. ग्राहकही निश्चिंत, कुरिअरवालाही.

मशीन लगेच घेऊ नका. आधी पाच पीस बाहेरून फ्लॉकिंग करून घ्या. रेझिन, गोंद, तंतू, मजुरी, फुटलेला माल आणि पॅकिंग मांडून एका पीसचा खर्च काढा. पाच पीस अनोळखी ग्राहकांनी विकत घेतले, तरच पुढे जा. नातेवाइकांची ऑर्डर मोजायची नाही!

या आठवड्याचा होमवर्क

तुमच्या डोक्यातल्या धंद्यासाठी वहीत तीन ओळी लिहा: माल कुठून येतो, तो विकायला कुठला परवाना लागतो, आणि सप्लायर हे सगळं बिलावर लिहून देतो का. तिसऱ्या ओळीचं उत्तर 'नाही' आलं तर ॲडव्हान्स द्यायचा नाही. मार्जिन कितीही असो.

भेटूया पुढच्या धड्यात!