कॅमेरा त्यांचा, बाव आमची

'इमेज प्रोसेसिंग' हा विषय मी कसा सुटलो ते मला आणि पेपर तपासणाऱ्यालाच ठाऊक. सुटल्यावर त्याची वही माळ्यावर गेली. ती पुन्हा खाली आली ती मे महिन्याच्या सुट्टीत, आणि तीही सबमिशनसाठी नाही, आईसाठी.

आमचे घर मालवण तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या एका वाडीत. शेजारचे घर चाकरमान्यांचे. काका-काकी मुंबईला. घर उघडते चतुर्थीला आणि शिमग्याला, एरवी दाराला कुलूप. दोन घरांच्या मधे चिऱ्यांचा गडगा आहे, जेमतेम कमरेएवढा. गडग्याच्या अलीकडे आमची बाव, बावीशेजारी धुण्याचा दगड आणि झापांच्या आडोशाची न्हाणी. वाडीतल्या एका बंद घराचे कुलूप फुटले आणि काकांनी धसका घेतला. एप्रिलमध्ये माणूस पाठवून त्यांनी घराला चार कॅमेरे बसवून घेतले. आता मुंबईत मोबाईलवर त्यांना आपले अंगण दिसते. चांगलीच गोष्ट. आम्हालाही वाटले, बरे झाले, आपली राखण वाचली.

मग एका रविवारी माझ्या ताईला बघायला पाहुणे आले. चहा-पोहे झाले, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "काल धवी गाडी खंयची इली रे तुमच्याकडे? पाच माणसां होती मां?" काकांच्या मनात वाईट काहीच नव्हते, अगदी हौसेने विचारले त्यांनी. पण आईने ती गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती. ते स्थळ पुढे जमले नाही, आणि जमले नाही हेही वाडीत आमच्या आधी सगळ्यांना कळले. त्या दिवसापासून आईने बावीच्या त्या बाजूला जुने लुगडे बांधले. मला म्हणाली, "बाबू, तू इंजिनियर होतंस मां? मगे बघ तो क्यामेरो खंय खंय बघता तो. माका न्हाणयेतसून भायर येवक लाज वाटता."

झाले! ओरलला बाहेरच्या परीक्षकांनी विचारला नसेल इतका अवघड प्रश्न आईने विचारला.

कॅमेरा 'बघतो' म्हणजे किती बघतो, हे मोजता येते. त्याला दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण पुरतात. लेन्सच्या मागे सेन्सर असतो. सेन्सरची रुंदी आणि लेन्सचे नाभीय अंतर यांचे जे गुणोत्तर, तेच समोरच्या दृश्याची रुंदी आणि त्याचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर यांचे. काकांचा कॅमेरा अगदी नेहमीचा, 2 मेगापिक्सेलचा. चित्राची रुंदी 1920 पिक्सेल, सेन्सर साधारण 5.57 मिमी रुंद, लेन्स 2.8 मिमी. ही रुंद कोनाची लेन्स. बसवणारा सहसा तीच बसवतो, कारण एका कॅमेऱ्यात 'सगळे' दिसले की गिऱ्हाईक खूश. टेपने मी अंतरे मोजली. काकांचे फाटक कॅमेऱ्याच्या सरळ समोर 5 मीटरवर. आमची बाव त्याच सरळ रेषेत 10 मीटर पुढे आणि तिथून 7 मीटर बाजूला.

आता आकडेमोड. 5 मीटरवर दृश्याची रुंदी 5 गुणिले 5.57 भागिले 2.8, म्हणजे सुमारे 9.9 मीटर. 10 मीटरवर 19.9 मीटर, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ 10-10 मीटर. बाव 7 मीटरवर. म्हणजे बाव, दगड, न्हाणीचे तोंड, सगळे चौकटीच्या आत. आईची शंका खरी निघाली.

पण माझी ट्यूब पेटली ती पुढच्या भागाकाराने. 1920 पिक्सेल 9.9 मीटरवर पसरले, तर फाटकापाशी एका मीटरच्या वाट्याला येतात सुमारे 193 पिक्सेल. पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ईएन 62676-4 नावाचे एक प्रमाण आहे. त्याच्या 2015 च्या आवृत्तीत पायऱ्या दिल्या होत्या : कुणीतरी आहे एवढे कळायला मीटरला 25 पिक्सेल, कपडे-हालचाल न्याहाळायला सुमारे 62, पूर्वी पाहिलेला माणूस ओळखायला 125, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला 250. आता गंमत बघा. काकांच्या स्वतःच्या फाटकात चोर उभा राहिला तर मिळणार 193, म्हणजे 250 च्या खाली. 16 सेंटिमीटर रुंद चेहरा जेमतेम 31 पिक्सेलमध्ये मावणार, तोही दिवसाढवळ्या. रात्री तर विचारूच नका. आणि आमच्या बावीपाशी मिळतात 96. चेहरा पटणार नाही, पण कोण काय करते आहे, अंगावर काय आहे, हे व्यवस्थित दिसणार. शिवाय शेजाऱ्याला पिक्सेलची गरजच नसते. आमच्या बावीवर आई आहे की ताई, हे तो चालण्यावरून सांगेल. चोर अनोळखी असतो, शेजारीण ओळखीची असते. म्हणजे ज्याला पकडायचे त्याच्यासाठी कॅमेरा कमी पडतो आणि जिच्याकडे बघायचे कारणच नाही तिच्यासाठी तो पुरून उरतो!

मग 6 मिमीची लेन्स घालून तेच गणित केले. फाटकापाशी रुंदी 4.64 मीटर, मीटरला 414 पिक्सेल, चेहऱ्याला 66. आणि 10 मीटरवर रुंदी 9.3, मधल्या रेषेपासून 4.6 मीटर. बाव 7 वर. गेली चौकटीबाहेर! सुरक्षितता हवी तर थोडी प्राइव्हसी सोडावी लागते, हे वाक्य आपण ग्रुप डिस्कशनमध्ये डोळे मिटून ठोकतो. निदान आमच्या गडग्यापुरते ते खोटे निघाले.

सॉफ्टवेअरचाही एक मार्ग असतो. बहुतेक डीव्हीआरच्या मेनूत 'प्रायव्हसी मास्क' असतो. पडद्यावर चौकोन आखला की तेवढा भाग काळा, रेकॉर्डिंगमध्येही काळाच. फुकटचा उपाय. पण मास्क मालकाच्या हातात असतो, आज घातला, उद्या मुंबईत बसल्या बसल्या काढला, आपल्याला कसे कळणार? लेन्स बदलायची तर शिडी लावावी लागते, आणि शिडी सगळ्या वाडीला दिसते.

आता कायद्याचे बघू. (कायदा म्हटल्यावर पान उलटू नका, यातही कथा आहेत.) आपल्याकडे 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे, मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये लागू झाला. त्याच्या 18 व्या कलमातले उदाहरण चक्क खिडकीचे आहे. ज्या गावात तशी रूढी असेल, तिथे शेजाऱ्याच्या घरातला एरवी नजरेआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी कुणाला उघडता येत नाही. 1888 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात हेच मानले. तिथे वाद होता नव्या व्हरांड्यातून शेजारच्या घरातल्या बायका राहतात तो भाग दिसण्याचा. अट एकच, रूढी त्या त्या ठिकाणी सिद्ध व्हावी लागते. खिडकीच्या जागी कॅमेरा घाला, भांडण तेच राहते. फरक इतकाच की खिडकीत माणूस उभा असला तर आपल्याला दिसतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. त्यातच त्यांनी वडील यशवंतराव चंद्रचूड यांचे आणीबाणीतले 1976 चे मत चुकीचे ठरवले. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये म्हटले की सुरक्षेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या घरात डोकावता येणार नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवायला मनाई केली आणि त्यात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने त्याच मे महिन्यात नकार दिला.

पण तिखट शिक्षेची कलमे आमच्या कामाची नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66ई आणि भारतीय न्याय संहितेचे 77 ही कलमे उघड्या अंगाची, खासगी क्षणांची चित्रे घेणाऱ्यासाठी आहेत. धुणे धुणारी बाई त्यात बसत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही व्यक्तीच्या घरगुती वापराला वगळतो.

'घरगुती' म्हणजे कुठपर्यंत, हा प्रश्न युरोपात झेक देशातल्या फ्रान्टिशेक रिनेश या गृहस्थांमुळे उभा राहिला. त्यांच्या घराच्या खिडक्या कुणीतरी सारख्या फोडायचे. 2007 मध्ये त्यांनी वळचणीला कॅमेरा लावला. त्यात त्यांचे दार दिसे, समोरची पायवाट दिसे, आणि समोरच्या घराचे दारही. गलोलीने काच फोडणारे दोघे सापडले. पण त्यातल्या एकाने उलटा प्रश्न केला, माझे चित्रण केलेच कसे? प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि 11 डिसेंबर 2014 रोजी निकाल लागला, की कॅमेऱ्याची नजर सार्वजनिक वाटेवर गेली की तो निव्वळ घरगुती राहत नाही. घराचे, कुटुंबाचे रक्षण हे न्याय्य कारण जमेस धरता येईल, असेही न्यायालय म्हणाले. मला काकांची आठवण झाली. रिनेशही काही वाईट माणूस नव्हता.

आणखी एक भानगड पासवर्डची. काकांच्या डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्यानेच घातलेला, काकांनी तो कधी बदललाच नव्हता. म्हणजे आमची बाव काकांखेरीज आणखी कोण बघत होते, देव जाणे. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेलेच पासवर्ड वापरून जगभरचे हजारो कॅमेरे नि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. एप्रिल 2025 पासून आपल्याकडे विक्रीला येणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, पण भिंतीवर आधीच लटकलेल्यांचे काय? (होस्टेलकरांनो, आपल्या पॅसेजमधला कॅमेरा नेमक्या कुणाच्या दाराच्या आत बघतो हेही एकदा टेप घेऊन मोजायला हरकत नाही. रेक्टरसर, यात कुणाच्या पार्टीचा संबंध नाही!)

असो. मी काकांना फोन केला आणि माती खाल्ली. सुरुवातच कायद्याने केली. काका चिडले. "चोरी झाली तर तू भरून देतलंस? माका काय तुमची बाव बघूची आसा?" फोन बंद. आई म्हणाली, "आता चतुर्थीपर्यंत गप रव."

ऑगस्टच्या शेवटी काका चतुर्थीला आले. दुसऱ्या रात्री भजन संपल्यावर मी एका मित्राला त्यांच्या फाटकात दोन मिनिटे उभे केले आणि काकांना त्यांच्याच मोबाईलवर ते दाखवले. "काका, हो कोण?" काका बराच वेळ बघत राहिले, चष्मा पुसला, चित्र मोठे केले. चित्र मोठे केल्यावर चौकोनच दिसले. मग मी वही काढली आणि दोन लेन्सची दोन चित्रे दाखवली. यावेळी कायदा काढला नाही, आणि बावीचे नावही मी काढले नाही. चित्रात बाव कुठे आहे ते काकींनीच बोट ठेवून दाखवले आणि काकांकडे नुसते बघितले.

काका परत जायच्या आधी 6 मिमीचा कॅमेरा बसला. जुना काढून मागच्या बाजूला, त्यांच्याच माडांकडे तोंड करून लावला. पासवर्डही बदलला. शिडी मीच धरली होती. नव्या चित्रात गडग्याच्या अलीकडचे काही दिसत नाही, हे काकांनी ताईला मोबाईलवर दाखवले. ताईने बघितले, हो म्हणाली.

मी परत होस्टेलला निघालो तेव्हा बावीवरचे लुगडे तसेच होते. सोडू का म्हणून आईला विचारले. "रवांदे," ती म्हणाली, "पावसान भिजलाहा, सुकला की बघू."