बेदाण्याची पेटी आणि क्लास-ऑब्जेक्ट: स्वतः शिकणाऱ्यांसाठी पहिला धडा



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आजचा धडा इथे सविस्तर लिहून देतोय. विषय आहे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. नाव ऐकून घाबरू नका. मी बीबीए झालेला माणूस, तासगावात बेदाण्याचं दुकान चालवतो. कॉम्प्युटरची डिग्री नाही. रात्री शटर खाली ओढल्यावर पायथन शिकलो. त्यामुळे नवखा माणूस कुठे अडकतो, ते मला पक्कं माहीत आहे.

आधी माझी चूक ऐका

स्टॉकसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. शिल्लक माल म्हणजे त्यात एक मोकळा आकडा. किरकोळ विक्री, होलसेल, फोनवरच्या ऑर्डरी, सगळीकडून तोच आकडा थेट कमी व्हायचा.

दिवाळीच्या तोंडावर ६० किलो हिरवा बेदाणा होता. होलसेलला २ पेट्या गेल्या. पेटी १५ किलोची, म्हणजे ३० किलो माल गेला. पण त्या भागात मी पेट्यांचा आकडाच वजा केला होता. ६० मधून २ गेले, स्क्रीनवर ५८! मग किरकोळीत १५ किलो गेला. गोडाऊनमध्ये उरला १५ किलो, स्क्रीनवर ४३. तेवढ्यात एका मिठाईवाल्याची ४० किलोची ऑर्डर आली. स्क्रीन बघून मी अ‍ॅडव्हान्स घेतला. माल काढायला गेलो तर २५ किलो कमी! चढ्या भावानं आणून शब्द पाळला, पण पदरचे पैसे गेले.

गल्ल्यात चौघांनी हात घातला की हिशोब कोणाला विचारणार? माझ्या प्रोग्रॅमचं तेच झालं होतं.

क्लास म्हणजे कोरा फॉर्म

बिलबुकातलं कोरं पान आठवा. नाव, वजन, भाव यांच्या जागा ठरलेल्या, पण भरलेलं काहीच नाही. हा झाला क्लास. पान भरलं की झाला ऑब्जेक्ट. 'लॉट' हा एकच क्लास लिहा. त्यातून हिरवा, पिवळा, काळा असे तीन ऑब्जेक्ट तयार होतील. प्रत्येकाची शिल्लक वेगळी. ही माहिती म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. लॉटवर जी कामं करता येतात, उदाहरणार्थ विक्री किंवा आवक, त्या मेथड.

गल्ल्यावर एकच माणूस बसवा

आता शिल्लक कमी करायचा अधिकार फक्त 'विक्री' या मेथडला द्या. ती तीन कामं करेल:

१. माल पेटीत आहे की किलोत ते विचारेल. पेटी असेल तर १५ नं गुणेल.
२. मागणी शिल्लकेपेक्षा जास्त असेल तर नाही म्हणेल.
३. सगळं बरोबर असेल तरच वजा करेल.

याला एनकॅप्सुलेशन म्हणतात. हे आधी केलं असतं, तर ४० किलो टाकताच प्रोग्रॅमनं मला थांबवलं असतं. पायथन मात्र इथे कडक कुलूप लावत नाही. नावाआधी अंडरस्कोर दिला की 'बाहेरून हात लावू नका' एवढीच खूण होते. शिस्त आपणच पाळायची.

ही पद्धत १९६० च्या दशकात नॉर्वेमध्ये दाल आणि नायगार्ड या दोघांनी सिम्युला भाषेत आणली. खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल कॉम्प्युटरवर करायची, हा हेतू होता. आपलं दुकानही खऱ्या जगातलंच आहे की!

शिकायचं कसं?

- व्याख्या पाठ करू नका. आधी वहीत आपल्या धंद्यातल्या वस्तू आणि त्यांची कामं लिहा.
- आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रॅमिंगचे धडे मोफत आहेत, मराठीतूनही आहेत.
- इंग्रजीची भीती वाटत असेल तर पायथन ३ मध्ये 'शिल्लक' असं देवनागरी नावही चालतं. क्लास, डेफ असे ठरलेले शब्द तेवढे इंग्रजीत लिहावे लागतात.
- इनहेरिटन्सच्या मागे लगेच लागू नका. एक क्लास नीट चालू दे.
- मुद्दाम चुकीचे आकडे टाकून बघा. गिऱ्हाइकासमोर चूक सापडण्यापेक्षा रात्री घरी सापडलेली बरी.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली एकच वस्तू घ्या. तिची माहिती ३ ओळींत आणि कामं २ ओळींत लिहा. मग स्वतःला विचारा, या वस्तूचा आकडा आज किती जण, किती ठिकाणांहून बदलतात? उत्तर एकापेक्षा जास्त आलं, तर तुमचा पहिला क्लास तिथूनच सुरू करा.

भेटू पुढच्या धड्यात!