हिवाळ्यात नळाचा पाइप का फुटतो? : काश्मीरच्या घरातून समजून घेऊ पाण्याचे असंगत आचरण



दहावीच्या विज्ञानात ‘पाण्याचे असंगत आचरण’ हा भाग आहे. मुलं होपच्या उपकरणाची आकृती काढतात, 4 अंश सेल्सिअस हा आकडा पाठ करतात आणि पुढे जातात. निफाडला किंवा महाबळेश्वरला कितीही कडाका पडला तरी आपल्या घरातला नळ काही गोठत नाही. मग हे शिकायचं कशाला, असं मुलांना वाटतं. म्हणून हा पाठ काश्मीरमधल्या खेड्यातल्या घरात नेऊन शिकवूया.

तिथे 21 डिसेंबरपासून 40 दिवस ‘चिल्लई कलान’ असतो, म्हणजे हिवाळ्याचा सगळ्यात कडक काळ. रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. सकाळी नळ सोडावा तर थेंब नाही! पाइप फुटला, तर दुरुस्ती होईपर्यंत घरातल्या बायकांना, म्हाताऱ्यांना बर्फातून पाणी वाहून आणावं लागतं.

पाइप नेमका कशामुळे फुटतो?

पाण्याचा बर्फ झाला की त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. बर्फ पाइपच्या भिंतीला ढकलतो आणि पाइप फुटतो, असं मुलं सांगतील. पण खरी गंमत पुढे आहे. पाइपमध्ये मध्येच बर्फाचा गट्टू तयार होतो. तो वाढताना पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्याला वाटही नसते. मग दाब वाढत जातो आणि बऱ्याचदा बर्फ नसलेल्या जागीच पाइपला चीर जाते. थोडक्यात, पाणी गोठलं यापेक्षा पाणी कोंडलं म्हणून पाइप फुटतो. हे एक वाक्य कळलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

उपाय आणि त्यामागचं कारण

1. पाइप जमिनीत खोल पुरणे : वरची माती गोठते, पण ठरावीक खोलीखाली ती गोठत नाही.
2. पाइप रिकामा करणे : संध्याकाळी मेन कॉक बंद करून सगळ्यात खालचा नळ सोडायचा. वरचाही नळ उघडायचा, म्हणजे हवा आत शिरून पाणी पूर्ण निघून जातं.
3. नळाची बारीक धार चालू ठेवणे : मागून तुलनेने कमी गार पाणी येत राहतं आणि दाबालाही वाट मिळते. वाया जाणारं पाणी बादलीत धरावं.
4. पाइपला गोणपाट, पेंढा गुंडाळणे : वरून प्लास्टिक हवंच, कारण ओलं गोणपाट ऊब धरत नाही.

चौथ्या उपायाशी थांबा आणि विचारा, “गोधडी ऊब देते का?” बहुतेक मुलं हो म्हणतील. गोधडी ऊब तयार करत नाही, आपल्या अंगाची ऊब अडवते. पाइपला स्वतःची ऊब नसते. त्यामुळे गुंडाळल्याने गोठणं लांबतं, पण रात्रभराच्या थंडीत तेवढ्यावर भागेलच असं नाही.

गोठलाच तर?

आधी नळ उघडा. मग नळाच्या बाजूने सुरुवात करून गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपला लावत मागे मागे जा. म्हणजे वितळलेलं पाणी कोंडणार नाही. पेटता बोळा किंवा स्टोव्ह कधीही लावू नये. प्लास्टिक वितळतं, आग लागू शकते आणि लोखंडी पाइपमध्ये वाफ कोंडली तर धोका आणखी वाढतो. चीर बर्फाने बुजलेली असते, ती वितळल्यावर गळू लागते. म्हणून मेन कॉक कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

घरी करण्याची कृती

सरळ उभ्या भिंतीच्या प्लास्टिकच्या बाटलीत 10 सेंटिमीटर पाणी भरा, पातळीवर पेनाने खूण करा आणि झाकण न लावता रात्रभर फ्रीजरमध्ये उभी ठेवा. काचेची बाटली अजिबात नको, ती फुटते. सकाळी बर्फ खुणेच्या किती वर आला ते मोजा.

चर्चेसाठी प्रश्न

- पाइप रात्री फुटतो, पण गळती दुपारी का दिसते?
- नळ उघडा असेल तर पाइप फुटण्याचा धोका कमी का होतो?
- घरातले लोक आठवडाभर गावाला जाणार असतील, तर चारपैकी कोणता उपाय निवडाल? का?

शेवटच्या प्रश्नाला मुलं कारणासहित उत्तर देऊ लागली, की 4 अंशांचा आकडाही त्यांच्या लक्षात राहील.